रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचे आभार

सांगलीत बाळंतीण झाले त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय.

लेक १ किलो ९०० ग्रॅमची. ओढायची ताकद कमी, मी रडवेली. सासूबाई मधाची बाटली घेऊन बसलेल्या. सिस्टर त्यांना एवढंच म्हणाल्या, "आजी, मध नको. हा पिवळा चीक म्हणजे नातीची पहिली लसच. थेंबही वाया घालवू नका." मग माझा हात धरून चीक कसा पिळायचा ते दाखवलं, वाटी-चमच्याने पाजला. उघडी लेक माझ्या छातीवर ठेवून वरून शाल गुंडाळली. तिचे गार पाय हळूहळू कोमट झाले, ते अजून हाताला आठवतं. तिसऱ्या दिवशी, "हनुवटी टेकू दे, तोंड मोठं उघडू दे, नुसतं टोक नको," म्हणत अंगावर लावलीच.

त्यांचं नुकतंच प्रशिक्षण झालं होतं, बाहुलीवर हात बसवलेला. शिकवणाऱ्यांनो, तुम्हाला मी पाहिलंही नाही. तुमचेही मनापासून आभार. सहा महिने लेकीला पाण्याचा थेंबही लागला नाही. काल तिला पहिल्यांदा मऊ भात भरवला.