घरफाळ्याच्या वहीतली पणजी

प्रिय मित्रा,

लई दिवसांनी एवढं लांब लिहायलोय, व्हॉट्सअॅपवर तुटक तुटक सांगण्यासारखं नाही म्हणून पत्रच. निवांत बसून वाच, कारण यात तुमच्या घराचापण विषय आहे, तो शेवटी येतोय.

आमच्या पणजोबांचं घर सापडलं भावा!

आमच्यात कायम एवढंच सांगायचे की पणजोबा मंगळवार पेठेत राहायचे, लवकर गेले, पणजीनं पोरं वाढवली. बास. घर स्वतःचं होतं का भाड्याचं, काय करून वाढवली पोरं, कुणालाच सांगता येत नव्हतं. पत्ता विचारला तर पप्पा म्हणायचे पाटाकडील तालमीच्या आसपास, आणि आपल्या कोल्हापुरात पत्ता म्हणजे असाच असतोय की, तालीम, टिकटी, बोळ, त्यात अख्खी पेठ बसते.

धागा मिळाला आजोबांच्या शाळेत. जुन्या जनरल रजिस्टरात पोराच्या नावापुढं राहण्याचं ठिकाण लिहिलंय, बी वॉर्ड आणि घर नंबर. आता हा नंबर म्युनिसिपालटीचा, आणि आज प्रॉपर्टी कार्डावर असतो तो सिटी सर्व्हे नंबर, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तुला कधी शोधायचं झालं तर हे ध्यानात ठेव, जुना घर नंबर घेऊन थेट सिटी सर्व्हेला गेलास तर भलत्याच माणसाच्या घराचा उतारा हातात येतोय. आधी जुनी घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, वही बघायची.

ती वही सगळी मोडी लिपीत. एक रिटायर्ड सर आहेत, मोडी वाचून देतात, त्यांना सोबत नेलं. काही पानांवर फसली सन, म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष, होता, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो हेपण त्यांनीच शिकवलं. आणि मग ती ओळ आली. मालक दुसराच कोणतरी. भोगवटदार, म्हणजे घरात राहणारा, म्हणून आमचे पणजोबा. कौलारू, दोन खणी, मातीच्या भिंती, पुढं वर्षाचं भाडं. सर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होते आणि मी नुसता ऐकत होतो, माझ्या रक्ताच्या माणसाच्या दोन खोल्या कुणीतरी शाईनं मोजून ठेवल्यात, यापेक्षा जास्त मला काय पाहिजे होतं सांग.

पुढच्या काही वर्षांत तीच ओळ तशीच, आणि मग भोगवटदार बदलला. पणजीचं नाव आलं. म्हणून मृत्यूच्या नोंदी काढल्या. १९१८ चा ऑक्टोबर, मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. त्या पानावर कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, एकाच गल्लीतली लागोपाठ माणसं, त्यात लहान पोरंपण. पणजोबा त्यातलेच एक. आपण कोरोना बघितलाय, त्यामुळं ते पान वाचताना माझा घसाच दाटला.

आता हिशोब लाव. बाई एकटी, पदरात पोरं, घर भाड्याचं. तरी ती माहेरी गेली नाही, त्याच बोळात राहिली, फक्त दोन खणांतनं एका खणात आली, घर नंबर बदललाय. आणि त्या नव्या ओळीत वापराच्या रकान्यात लिहिलंय, राहणे व खाणावळ. खाणावळ रे! घरात कुणालाच माहीत नव्हतं. शाहू मिल १९०६ ला उभी राहिली, त्यानंतर गावात एकटे राहणारे कामगार वाढले, त्यांना दोन वेळचं जेवण कुणीतरी घालतच असणार, माझी तर खात्री झालीय की तिच्या ताटावर मिलवालेच जास्त असतील. आजोबांच्या शाळेचंपण त्याशिवाय कोडं सुटत नव्हतं. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, पोरगं शाळेत नाही पाठवलं तर महिन्याला १ रुपया दंड. फी नव्हती म्हणून पोरगं शाळेत गेलं हे खरं, पण चुलीपाशी हाताखाली हक्काचं पोरगं असताना तिनं त्याला पाठवलं, याचं मोल मला जास्त वाटतं. रजिस्टरात पालक म्हणून कुणा काकामामाचं नाही, तिचंच नाव आहे.

आता तुझा विषय. पहिल्या दोन खणी घराची जागा आज कुठं हे कळायला मालकानं पुढं केलेलं खरेदीखत कामी आलं, त्यात जुना घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर दोन्ही आहेत आणि खाली चतुःसीमा. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस दुसऱ्या एकाचं घर, आणि उत्तरेस तुझे पणजोबा. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तुमचंच आडनाव. मी चालत गेलो तिथं, खाली मोबाईलचं दुकान, वर तीन मजले, आणि उत्तरेला तुझ्या काकांचं घर.

एवढ्यावर थांबत नाही. मृत्यूच्या नोंदीत खबर देणाऱ्याचा एक रकाना असतोय. आमच्या पणजोबांची खबर तुझ्या पणजोबांनी दिलीय. साथीत शेजारच्याच्या दारात जायला माणसं घाबरत होती तेव्हा ते चावडीवर जाऊन नोंद करून आले. आपण दोघं शाळेत एका बाकावर बसलो आणि हे कुणी सांगितलंच नाही आपल्याला!

तर काम असं आहे. काकांच्या माडीवर जुनी ट्रंक आहे म्हणालेलास एकदा. त्यात तुमच्या घराचं खरेदीखत, गहाणखत, घरफाळ्याच्या जुन्या पावत्या, काय असेल ते बघायला सांग. दक्षिणेच्या शेजाऱ्याचं नाव लिहिताना कधीकधी भाडेकरूचंपण लिहितात. मोडीत असलं तर फेकू नका, घडीवर जोर देऊ नका, नुसते फोटो काढून पाठवायला सांग. तू दिवाळीला येणारच आहेस, तेव्हा सरांना घेऊन काकांकडं जाऊ, त्यांना तसं आधी फोन करून ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार