लाइट गेल्यावर पाणी कुठे जाणार? प्लंबरकाकांना जाहीर आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

घरात प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नकाशा हातात घेऊन तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "लाइट गेल्यावर हे पाणी कुठे जाणार?" तोवर आमच्या कागदावर स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) कुठला आणि दिवे कुठले एवढंच होतं. त्या प्रश्नानंतर पाइपांचा सगळा आराखडा नव्याने काढावा लागला. आभार त्याचेच. पत्र जाहीर अशासाठी की अशी टाकी बांधायला निघालेल्या दुसऱ्या कुणालाही ते कामी यावं.

हिशेब तुम्ही पुठ्ठ्यावर पेन्सिलने मांडलात. टाकी १२० बाय ६० बाय ६० सेंटीमीटर, म्हणजे पातळी १ सेंटीमीटर उतरली की ७.२ लिटर खाली. तळाशी प्रवाह मिळावा म्हणून आम्ही रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर टाकीत आणणाऱ्या पाइपाचं, तोंड २० सेंटीमीटर खोल धरलं होतं. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत १४४ लिटर संपमध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत, उतरतं. संप ९० बाय ४५ बाय ४०, चालू असताना पाणी २२ सेंटीमीटरवर. वर मोकळी जागा जेमतेम ७३ लिटरची. उरलेले ७१ लिटर हॉलच्या फरशीवर! आता तोंड पृष्ठभागाच्या फक्त २ सेंटीमीटर खाली आहे. ओव्हरफ्लो बॉक्स (टाकीतलं पाणी काठावरून ज्यात सांडतं तो कप्पा), पाइप आणि स्किमरमधलं धरूनही ३० लिटरच्या आत पाणी खाली येतं. तळाचा प्रवाह वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी हलवणारा छोटा पंप, बघून घेईल.

एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवला की झालं, हे आमचं म्हणणं तुम्ही तिथल्या तिथे खोडलंत. कचरा अडकला की झडप नीट बसत नाही, हे तुम्ही इमारतींच्या टाक्यांवर रोज बघता. खाऱ्या पाण्यात तर झडपेवर चुन्याचा थर धरतो, एखादी गोगलगायही तिथे जाऊन बसते. एनआरव्ही लावायचाच तर लावा, पण हिशेब तो नाही असं धरूनच करायचा.

ड्रेनला, म्हणजे बॉक्समधून पाणी खाली संपमध्ये न्यायला, तीन पाइप कशाला, हे मात्र तुम्हाला पटायला वेळ लागला. तिन्ही सव्वा इंची. पहिला पूर्ण भरून सायफनने वाहतो. त्यावर गेट व्हॉल्व्ह, कारण बॉल व्हॉल्व्हने इतकं बारीक ॲडजस्टमेंट होत नाही. दुसरा उघडा, त्यातून बारीकशी धार. त्याच्या डोक्यावरची हवेची नळी बॉक्सच्या काठाजवळ संपते. पहिला तुंबला की पातळी चढते, नळीचं तोंड बुडतं, आणि हा दुसराच सायफन होऊन सगळा भार घेतो. तिसरा कायम कोरडा. त्याचं खालचं तोंड मुद्दाम संपच्या पाण्याच्या वर ठेवलंय, त्यातून पाणी पडलं की धबधब्यासारखा आवाज येतो आणि घर जागं होतं. सायफनचं तोंड पाण्यात २-३ सेंटीमीटरच बुडवायचं. जास्त खोल गेलं तर पंप पुन्हा सुरू झाल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि मिनिटभरात शांत व्हायची गोष्ट तासभर गुरगुरत बसते.

तुम्ही गेट व्हॉल्व्ह पाव-पाव आटा फिरवत, कान बॉक्सला लावून बसला होतात. घुर्र आवाज बारीक होत होत थांबला, तेव्हा हँडलवर आणि बॉडीवर मार्करने एकाच रेषेत खूण केलीत. साफसफाईनंतर व्हॉल्व्ह पुन्हा लावायला ती खूण फार उपयोगाची आहे.

ब्रासचं सांगितल्यावर तुम्ही कुरकुर न करता पिशवी परत नेलीत, त्याबद्दल वेगळे आभार. सीपीव्हीसीच्या ज्या फिटिंगला आत पितळी आटे असतात, त्या इथे चालत नाहीत. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं. माशांना सोसेल एवढ्या तांब्यानेही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. म्हणून सगळं यूपीव्हीसी, आटे प्लास्टिकचे, वर टेफ्लॉन टेप. टँक निपलचा (काचेच्या भोकात पाइप बसवायच्या जोडाचा) रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, फ्लँजखाली. नट हाताने आवळून वर पाव आटा, बस. जास्त आवळला तर काच जाते.

पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड), आणि जिथे जागा होती तिथे ९० अंशांच्या एल्बोऐवजी ४५ चे दोन, हे तुमचं. खोक्यावर ४००० लिटर लिहिलेला पंप दीड मीटर उंची चढून आणि वळणं घेऊन किती देतो, ते बादली आणि घड्याळ लावून मोजलं: ताशी साधारण २००० लिटर. टाकीच्या पाचपटीच्या आतबाहेर. पुरे आहे, जास्त रेटला तर संपमधले बुडबुडे वर येतात.

सॉल्व्हंट सिमेंट २४ तास वाळू दिलं, मग साध्या नळाच्या पाण्याने टाकी भरून आणखी २४ तास ठेवली, पंप दहा वेळा बंद-चालू केला. आता ते पाणी काढून शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं, पाणी आणि मीठ. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग. बाष्पीभवनाने फक्त संपमधल्या रिटर्न पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरते, म्हणून ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) सेन्सर तिथेच, आणि तो अडकला तरी पूर येऊ नये म्हणून त्याला वेळेची मर्यादा.

मालवणहून जिवंत दगड (सूक्ष्मजीव वसलेले समुद्रातले प्रवाळी दगड) आणून देतो म्हणालात, तेवढं राहू द्या. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. टाकीत कोरडा खडक आणि मऊ प्रवाळच जातील.

तुमचा तो पुठ्ठा कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलाय. युनियनचे दोन जादा ओ-रिंग त्याच्याखाली पिशवीत आहेत. आणि तुमचा पाइप पाना आमच्याकडेच राहिलाय, रविवारी चहाला याल तेव्हा घेऊन जा.

तुमचे,
चौथ्या मजल्यावरचे टाकीवाले