चुकलेला शब्द तसाच राहू दिलात, त्याबद्दल

वाचाघातानंतरही आमच्यापुढे बोलायला बसलेल्या मुंबईतल्या काका-काकूंना, आजी-आजोबांना आणि त्यांच्या घरच्यांना,

सप्रेम नमस्कार.

वाचाघात म्हणजे मेंदूला झटका किंवा इजा झाल्यावर बोलणं, शब्द आठवणं, समजणं बिघडणं. त्याच्या मराठीतल्या चाचण्या आणि सरावाचं साहित्य तयार व्हावं म्हणून तुम्ही आम्हा स्पीच थेरपिस्टना वेळ दिलात, आवाज दिलात. जड झालेला पाय सांभाळत कुणी लोकलच्या दिव्यांग डब्यातून आलं. ज्यांना येणं जमलं नाही त्यांनी आम्हाला घरी बसू दिलं, पंखा बंद केला, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थांबले. सह्या झाल्या, रेकॉर्डिंग झालं, चहा झाला, आम्ही निघालो. त्या रेकॉर्डिंगचं पुढे काय होतं ते सहसा कुणी सांगायला येत नाही. नुसते आभार मानण्यापेक्षा आज तेच सांगतो.

आधी चित्रांबद्दल. चित्र पाहून नाव सांगायची, जगभर वापरली जाणारी बॉस्टन नेमिंग टेस्ट 60 चित्रांची आहे. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे, प्रेट्झेल आहे. लालबागमध्ये जन्म काढलेल्या माणसाला बीव्हरचं नाव आलं नाही, तर त्याच्या भाषेबद्दल काहीच कळत नाही. चित्रं इथली हवीत हे सगळेच मान्य करतात. पण इथलं चित्र काढलं की खरी अडचण सुरू होते. एकाच मिरचीला कुणी भोपळी म्हणतं, कुणी ढोबळी, कुणी सिमला. गरम पातेलं उचलायचं साधन कुणाच्या घरी सांडशी, कुणाच्या घरी पकड. चाळीचं चित्र दाखवलं की निम्मे लोक ‘बिल्डिंग’ म्हणतात. अशा चित्रावर आजारी माणूस अडखळला, तर शब्द सापडत नाही म्हणून अडखळला की दोन शब्दांत निवड होईना म्हणून, हे ठरवता येत नाही.

इथे तुमच्यातल्या ठणठणीत मंडळींचं काम येतं. ‘मला काही झालेलं नाही, मग माझं रेकॉर्डिंग कशाला?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर हे: त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या, तीच भाषा बोलणाऱ्या माणसांनी एका चित्राला एकमुखाने एकच नाव दिलं, तरच ते चित्र चाचणीत राहतं. छत्री राहते, पेरू राहतो. भोपळी मिरची जाते. उरलेले शब्द मग आणखी गाळायचे असतात. शब्द रोजच्या वापरातला आहे का, किती अक्षरी आहे, जोडाक्षर आहे का. वाचाघाताबरोबर पुष्कळदा जीभ-ओठांच्या हालचालींची जुळणीही बिघडलेली असते. असा माणूस ‘पेरू’ म्हणेल आणि ‘कुऱ्हाड’वर अडेल, म्हणून जोडाक्षरांचे शब्द वेगळे ठेवावे लागतात. ऐकून ओळखायचे शब्दही मराठीच्या उच्चारांवर बेतायला लागतात: ताट–थाट, पळ–फळ, कार–खार. महाप्राणाचा, म्हणजे ‘त’चा ‘थ’ करणाऱ्या श्वासाचा, हा फरक इंग्रजी शब्दांच्या जोड्यांत मिळतच नाही.

आता चुकांबद्दल, आणि या पत्राचं मुख्य कारण तेच आहे. चित्र वाटीचं. कुणी म्हणालं ‘चमचा’. कुणी ‘वाती’. कुणी ‘ते... आमटी घेतो ना आपण, ते’. कुणी असा शब्द उच्चारला जो कुठल्याच भाषेत नाही. कुणी नुसतंच बघत राहिलं. घरच्यांना हे सगळं सारखंच वाटतं: आलं नाही. आमच्या दृष्टीने ही पाच वेगवेगळी उत्तरं आहेत. ‘चमचा’ म्हणणाऱ्याचा अर्थाच्या घरात शोध चालू आहे, पण तो शेजारच्या दारात शिरला. त्याच्याबरोबर वस्तूचे गुणधर्म बोलायचे: कशाच्या गटातली, कशाला वापरतो, कुठे ठेवतो, दिसते कशी. ‘वाती’ म्हणणाऱ्याला शब्द सापडलेला आहे, आवाजांची मांडणी चुकली. त्याला अर्थाबद्दल शंभर प्रश्न विचारले तर तो वैतागेल. त्याला पहिलं अक्षर, ओठांची ठेवण, सावकाश म्हणून दाखवणं याचा उपयोग. ‘आमटी घेतो ते’ म्हणणाऱ्याकडे तर वाट काढण्याची युक्तीच आहे, ती मोडायची नाही, वाढवायची.

म्हणून मुलगा-सून, नवरा-बायको, तुमचे विशेष आभार. बॉस्टनच्या चाचणीत एका चित्राला 20 सेकंद देतात. आपल्या माणसाला चाचपडताना पाहत तेवढा वेळ गप्प बसणं फार कठीण असतं. उत्तर ओठांवर आलेलं असताना तुम्ही ते गिळलंत. मधेच कुणी ‘वा...’ म्हणून सुरुवात करून दिली असती, तर पुढचं ‘...टी’ त्यांचं की तुमचं, हे रेकॉर्डिंग दहा वेळा ऐकूनही कळलं नसतं.

वाक्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ‘मुलगा पोळी खातो’ यात क्रियापद मुलाचं ऐकतं. ‘मुलाने पोळी खाल्ली’ म्हटलं की ते पोळीचं ऐकायला लागतं. काळ बदलला की मालक बदलतो. इंग्रजीवरून आलेल्या गुणांकनात मुख्यतः गळलेले शब्द आणि प्रत्यय मोजतात. मराठीत प्रत्यय काढून टाकला तर पुष्कळदा शब्दच उरत नाही, त्यामुळे माणूस प्रत्यय गाळण्याऐवजी चुकीचा लावतो: ‘मुलगा पोळी खाल्ला’. तक्त्यात ही चूक मांडायला स्वतंत्र रकाना नसेल, तर व्याकरणाची खरी अडचण नोंदलीच जात नाही. पण इथेही घाई चालत नाही. कर्नाटक सीमेकडच्या काही बोलींत असं वाक्य बिनचूक समजलं जातं. ‘झटका येण्याआधीही हे असंच बोलायचे का?’ हा आमचा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटला असेल. तुम्ही ‘हो, गावाकडचं तसंच आहे’ म्हणालात तेव्हा एक निरोगी वाक्य रोगाच्या खात्यात जाण्यापासून वाचलं.

समजण्याची परीक्षाही मराठीच्याच चालीने घ्यावी लागते. ‘मुलाने मुलीला ढकललं’ आणि ‘मुलीला मुलाने ढकललं’, अर्थ एकच, क्रम उलटा. पहिलं वाक्य ऐकून बरोबर चित्र दाखवणारा दुसऱ्याला उलट चित्र दाखवू लागला, की कळतं की तो ‘ने’ आणि ‘ला’ पकडत नाहीये, जो शब्द आधी आला त्यालाच कर्ता मानतोय. घरी असा माणूस ‘सगळं समजतं त्यांना’ या वर्गात मोडतो, कारण घरी संदर्भ मदतीला असतो. मग डॉक्टरांनी सांगितलेलं गोळ्यांचं वेळापत्रक उलटं होतं.

गणपतीची आरती हा मुद्दा जवळपास प्रत्येक घरात निघाला. आरती अख्खी येते, पाढे येतात, वारांची नावं येतात, शिवीसुद्धा स्वच्छ येते, आणि पाणी मात्र मागता येत नाही. ‘मुद्दाम करतात’ असा निष्कर्ष यावरून काढू नका. पाठ झालेली साखळी बाहेर पडायचा मार्ग वेगळा, नवं वाक्य जुळवायचा वेगळा. ‘बुधवारनंतर काय?’ असं तुटक विचारून पाहा, पुष्कळांना पुन्हा सोमवारपासून यावं लागतं. सुरांवर आधारलेली एक उपचारपद्धत 1973 पासून आहे, पण तिच्यात आरती म्हणवून घेत नाहीत. ‘पाणी दे’, ‘चहा नको’ अशी गरजेची छोटी वाक्यं सुरात घेतात, डाव्या हाताने ठेका धरतात आणि सूर हळूहळू काढून घेतात.

संमतीच्या कागदासाठी तुम्ही जो वेळ दिलात त्याचंही सांगायला हवं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची नीतितत्त्वं आम्हाला बंधनकारक आहेत, पण आठ पानी गच्च छापलेला कागद वाचाघात झालेल्या माणसासमोर ठेवणं म्हणजे थट्टा. एका पानावर एक मुद्दा, मोठा ठसा, चित्र, हो-नाहीची दोन कार्डं, असं ते केलं. आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला: ‘मधेच थांबता येतं ना?’ आणि थोड्या वेळाने ‘एकदा सुरू केलं की थांबता येत नाही ना?’ दोन्हींना ‘हो’ आलं तर ती संमती धरायची नाही, कारण वाचाघातात ‘हो’ अडकून बसतो. घरीही ही युक्ती वापरा. ‘जेवण झालं?’ला आलेल्या ‘हो’वर विसंबून ताट उचलू नका.

मुंबईत तर कुणी एकभाषी सापडणं मुश्कील. घरी मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. ‘आता एकाच भाषेत बोला, नाहीतर गोंधळ होईल’ असा सल्ला तुमच्यातल्या अनेकांना कुठे ना कुठे मिळाला होता. सरसकट असं करायचं कारण नाही. बहुतेकांच्या भाषा साधारण एकत्रच सुधारतात. सर्वांत वापरातली भाषा आधी परत येते, हे पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी 1895 मध्ये मांडलं होतं, पण अपवाद भरपूर. उपचाराची भाषा ठरवताना आम्ही एवढंच विचारतो: दिवसभर हा माणूस कुणाशी, कोणत्या भाषेत बोलणार आहे? शब्द हिंदीत आला तर तो आलाच, त्याला गुण आहेत.

‘वर्ष झालं, आता काय होणार’ असं ऐकून परत फिरलेलेही तुमच्यात होते. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतला एक अभ्यास आला: 156 माणसं, सगळ्यांच्या झटक्याला किमान 6 महिने झालेले, आठवड्याला 10 तास किंवा जास्त उपचार, किमान 3 आठवडे. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 278 जणांच्या अभ्यासात संगणकावर घरी सराव होता, शब्द ज्याचे त्याने निवडलेले. ते शब्द आठवणं स्पष्टपणे सुधारलं, गप्पांमध्ये मात्र फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य ॲप विकणारे सांगत नाहीत. पडद्यावर आलेला शब्द जेवणाच्या पानावर आपोआप येत नाही, तो तिथे माणसाबरोबर वापरावा लागतो. अनेक अभ्यासांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून 2022 मध्ये झालेल्या विश्लेषणात एकूण 20 ते 50 तासांच्या उपचाराने भाषेत सर्वाधिक फायदा दिसला. आठवड्यातून एकदा येऊन हे तास भरायला किती महिने लागतील, हिशेब करा. म्हणून घरच्या सरावाचा आग्रह.

तो सराव तुम्हीच आम्हाला शिकवलात म्हटलं तरी चालेल, कारण कामाचे शब्द तुम्ही दिलेत. बालवाडीचा ‘अ अननसाचा’ तक्ता साठीच्या माणसापुढे ठेवू नका. नातवाचं नाव, स्टेशनचं नाव, औषधाची वेळ, भाजीवाल्याला काय सांगायचं, असे 10 शब्द घ्या. रोज 20 मिनिटं, टीव्ही बंद. शब्द येईना तर क्रमाने: थांबा, वस्तूचा उपयोग सांगा, ‘डोक्यावर पाऊस, म्हणून घेतो...’ असं अपुरं वाक्य द्या, मग पहिलं अक्षर, शेवटी पूर्ण शब्द म्हणून दाखवा. आला की त्याच दिवशी खऱ्या कामात वापरायला लावा. पाहुण्यांसमोर ‘हे काय आहे सांगा बरं’ अशी परीक्षा घेऊ नका.

एक व्यवहाराची गोष्ट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे, आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करताना हातापायाबरोबर हेही लिहा, बरेच जण नुसतं अर्धांग लिहून येतात. थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचाराचे विभाग आहेत.

तुमची रेकॉर्डिंग नाव काढून, क्रमांक घालून ठेवलेली आहेत. प्रत हवी असेल, किंवा आता ती वापरू नयेत असं वाटत असेल, तर संमतीच्या कागदावरच्या नंबरवर घरच्या कुणीही कळवावं. कारण सांगावं लागणार नाही. आणि ज्यांचं ‘वाती’ अजून ‘वाटी’ झालेलं नाही त्यांनी दुसऱ्या फेरीला जरूर यावं, आम्हाला तेही रेकॉर्डिंग हवं आहे.

आपले ऋणी,
मुंबईतले काही स्पीच थेरपिस्ट