खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिलेल्या पोराला

भावा,

तुझं पूर्ण नाव मला माहीत नाही. प्रोजेक्टसाठी पितळेचे दोन बुश, म्हणजे आतून पोकळ गोल तुकडे, लेथवर टर्निंग करून घ्यायला तू उद्यमनगरात आमच्या शेडवर आलतास, पाठीवर सॅक, खिशात व्हर्निअर, आणि लेथ रिकामं व्हायला वेळ होता म्हणून नुसता बसून होतास. एवढ्याच ओळखीवर लिहितोय. कारण काल मी एकट्यानं, कुणाला फोन न लावता, स्कॅनरची फाईल डाउनलोड केली, टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची ती पाटी, उघडलं, कमांड टाकली आणि दुसऱ्या फटक्यात बसवली की ओ! रात्री झोप येईना, मग म्हटलं लिहूनच टाकावं.

तुला सगळं माहीत नाही म्हणून सांगतो. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, विंडोज नुसतं रडायचं, भाच्यानं त्याच्या जागी उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घालून दिलं आणि तो गेला पुण्याला नोकरीला. लॅपटॉप पळायला लागला पण प्रिंटर मुका झाला. दोन महिने डिलिव्हरी चलनं हातानं लिहिली मी, पार्ट्या हसायच्या.

एका दुकानात नेला. काउंटरला आठ-दहा गिऱ्हाईकं उभी, त्यात तो पोरगा मोठ्यानं, "काका, पासवर्ड काय?" आता पासवर्ड म्हणजे लेकीचं घरातलं नाव आणि तिचं जन्मसाल, तो मला चारचौघांत ओरडून सांगायला लावला आणि वर त्यानं मार्करनं स्टिकरवर लिहून कीबोर्डच्या शेजारीच चिकटवला. चार दिवसांनी ५०० रुपये घेतले आणि म्हणाला, लिनक्सवर होत नसतंय काका, विंडोज टाका. जाताना ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, अर्धा बसवून ठेवलेला, त्यामुळं नंतर दुसरं काय बसवायला गेलं की डिपेन्डन्सी, म्हणजे सोबत लागणारी बाकीची सॉफ्टवेअरं, नाहीत म्हणून लाल अक्षरांत बोंब. दुसरा एक ओळखीतला, त्याला फोन केला तर, "तुमच्या वयात कशाला त्या कमांडच्या नादाला लागताय?" वय ५१ आहे माझं, मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापात काम करतो मी अजून.

आणि तू. तू लॅपटॉपला हातच लावला नाहीस. स्टूल बाजूला ओढलंस आणि पहिलं विचारलंस, काका ही ड्रायव्हरची फाईल कुठनं उतरवली? मी म्हणलं प्रिंटर कंपनीच्याच साइटवरनं, मग मान हलवलीस. का विचारलंस तेही सांगितलंस, की डेब फाईल, म्हणजे उबंटूत सॉफ्टवेअर बसवायचं पॅकेट, बसवताना तिच्या आतल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, हक्कानं चालतात, म्हणजे घराच्या किल्ल्याच हातात, म्हणून कुठल्याही गल्लीतनं फाईल उचलायची नाही. दुकानातल्या त्या शहाण्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

मग सुडोनं, म्हणजे मालकाच्या हक्कानं काम करायच्या कमांडनं, पासवर्ड मागितला. आणि तू उठलास, खिडकीपाशी गेलास आणि बाहेर त्या भंगाराच्या गाडीकडं बघत उभा राहिलास. पाठमोरा. मी टाइप करतोय तर स्क्रीनवर काहीच उमटेना, मला वाटलं कीबोर्ड पण गेला, तर तू तिकडं तोंड करूनच म्हणालास, "काही दिसत नसतंय काका, ठिपके पण येत नाहीत, तुम्ही टाका आणि एंटर मारा."

अरे पण पासवर्ड तर स्टिकरवर होता! तुझ्या नाकासमोर, मार्करनं, मोठ्या अक्षरात. तू तो वाचला असणारच. तरी तोंड फिरवलंस. मला हे तू गेल्यावर कळलं, आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं राव, हसू नकोस.

बाकीचं तू माझ्या भाषेत सांगितलंस ते पण विसरणार नाही. पॅकेट बसवायच्या दोन कमांड. डीपीकेजी म्हणजे जुना फिटर, पुढ्यात ठेवलंय तेवढंच बसवणार, नट कमी पडला की काम अर्ध्यात सोडून हात पुसणार. ॲप्ट म्हणजे मुकादम, काय काय लागतंय ते बघून आधी पोराला सामान आणायला पिटाळणार. आधी ते अर्धवट राहिलेलं काम ॲप्टकडनंच सावरून घेतलंस, खरखर करत प्रिंटर हलला आणि आमचा हेल्पर टाळ्या वाजवायला लागला. फाईलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ का, तर टिंब म्हणजे 'हितंच', या फोल्डरात, नाहीतर ॲप्ट आपल्या गोदामात शोधत बसतंय आणि पॅकेज सापडत नाही म्हणतंय. काल पहिल्या फटक्यात मी तेच विसरलो होतो. आणि ती डेब्रा-इयानची गोष्ट, १९९३ साली इयान मर्डॉकनं डेबियन काढलं ते त्या वेळच्या मैत्रिणीचं आणि स्वतःचं नाव जोडून, आणि फाईलच्या नावातलं डेब तिथलंच. घरी सांगितली तर बायको म्हणाली, बघा, आणि तुमच्या शेडवर माझं नाव कुठाय.

२०१९ ला पंचगंगेचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या आत्तीला बोटीतनं बाहेर काढणारी पोरं कोण होती ते आजपर्यंत कळलं नाही. आत्ती एकच सांगायची, ओली साडी सावरेपर्यंत चारी पोरं पाण्याकडं तोंड करून बसली होती. बोट चालवायला शिकवता येतंय, हे कोण शिकवतंय?

स्टिकर त्याच दिवशी खरवडून काढला, डिंक अजून आहे. पासवर्ड बदललाय. नवीन कुणालाच सांगितलेला नाही, बायकोला पण नाही, त्यावरनं दोन दिवस अबोला होता.

आता एक राहिलं. तू माझ्याकडनं एक रुपया घेतला नाहीस, चहा सुद्धा अर्धाच प्यालास, आणि मी मात्र बुशचे पैसे पूर्ण मोजून घेतले. वर त्यातल्या एकाचा बोअर, म्हणजे आतलं भोक, जरा ढिला गेलता, मला तेव्हाच हाताला कळलं होतं आणि मी बोललो नाही. नवीन करून ठेवलाय, मापात. कागदात गुंडाळून प्रिंटरच्या शेजारीच आहे, सोमवारी शेड बंद असते, त्याव्यतिरिक्त कधीपण ये.