तुकडा तपासायला पाठवला, पुढे त्याचे काय झाले?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा, रक्ताचा किंवा वारेचा उरलेला भाग वैद्यकीय संशोधनासाठी वापरायचा असेल तर रुग्णाची वेगळी संमती घ्यावी की नाही, या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. त्यांपैकी दोन पत्रांचा सूर असा होता की, आपल्याकडचा सामान्य रुग्ण अल्पशिक्षित असतो, ‘संशोधन’ हा शब्द कानावर पडला की तो बिथरतो आणि नाही म्हणतो, तेव्हा फार विचारत बसलो तर संशोधनच थांबेल. सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत मी ३१ वर्षे शिकवले, विडी कामगारांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांत माझे नेहमी जाणे-येणे राहिले, आणि गेल्या ४ वर्षांत घरच्या आजारपणामुळे रुग्णालयांचे जिनेही पुष्कळ चढले. त्या अनुभवावरून मला सांगावेसे वाटते की, लोक नकार देतील म्हणून त्यांना विचारू नये, ही समजूत चुकीची आहे. त्यांना विचारले जात नाही, आणि न विचारता काही वापरले गेल्याचे मागाहून कळते, तेव्हा मात्र त्यांचा विश्वास उडतो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया ४ वर्षांपूर्वी एका रुग्णालयात झाली. पुढे मुंबईत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे ठरले, तेव्हा तिथून निरोप आला की, नुसता रिपोर्ट चालणार नाही, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या. ब्लॉक म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हते. पॅथॉलॉजी विभागातील कर्मचाऱ्याने एक लांबट खण ओढला आणि त्यातून आगपेटीहूनही लहान अशी प्लास्टिकची जाळीदार चौकट काढून माझ्या तळहातावर ठेवली. तीत पांढुरके मेण होते, मेणात नखाएवढा तपकिरी तुकडा होता आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला एक क्रमांक होता. अक्काच्या शरीराचा तो भाग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. रजिस्टरवर सही करताना मी विचारले की, यादीत दोन क्रमांक आहेत, मग दुसरा ब्लॉक कुठे आहे? “तो अभ्यासासाठी गेलाय, बाई,” असे सरळ उत्तर मिळाले. त्या कर्मचाऱ्याने काही लपवले नाही, कारण यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटतच नव्हते.

घरी येऊन आम्ही भरतीच्या वेळचे कागद काढले. तिसऱ्या पानावर, बारीक इंग्रजी अक्षरांत, भूल, रक्त चढवणे आणि छायाचित्रे यांच्याविषयीच्या ओळींच्या खाली, काढलेल्या ऊती, म्हणजे शरीराचे काढलेले तुकडे, अध्यापन आणि संशोधनासाठी वापरल्या जाऊ शकतील अशी एक ओळ होती. खाली सही माझ्या भाच्याची होती. एका हातात रक्तपेढीची चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात अनामत रकमेची पावती घेऊन, अक्काला आत नेत असताना, खिडकीवर त्याने ती केली होती. अक्का शुद्धीवर होती, लिहिता-वाचता येणारी आहे, पण तिला कुणी विचारले नाही. हे सगळे तिला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? पण विचारायचं तरी होतं.”

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात हाच मुद्दा फार स्पष्ट केला आहे. दुर्बिणीतून केवळ तपासणी करण्यास संमती दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय, ती भुलेखाली असताना, बाहेर बसलेल्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर सज्ञान रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमतीही पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो खटला उपचारांबाबतचा होता, संशोधनाचा नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु जीव वाचवण्याच्या हेतूने केलेल्या कामातही जी मर्यादा पाळायची, ती अभ्यासाच्या कामात सैल कशी होऊ शकते?

यावर नेहमी येणारे उत्तर म्हणजे, तो तुकडा एरवी फेकूनच दिला असता. हे अर्धेच खरे आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे शरीराचे काढलेले भाग पिवळ्या पिशवीत जातात आणि जाळले जातात. तिथे त्यांच्यामागे कुणाचे नाव, गाव, वय उरत नाही. मेणात जपून ठेवलेल्या तुकड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या क्रमांकामागे रुग्णाची पूर्ण फाइल उभी असते, आणि त्यातील डीएनएवरून आज केवळ त्या व्यक्तीबद्दलच नव्हे, तर तिच्या लेकीबाळींच्या आजारांबद्दलही काही सांगता येते. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो ही रुग्णाच्याही फायद्याची बाब आहे. अक्काची गाठ हार्मोनच्या औषधांना दाद देईल की नाही, हे मुंबईत त्याच जुन्या ब्लॉकवरून ठरले. म्हणजे तो तुकडा मौल्यवान आहे, डॉक्टरांसाठीही आणि रुग्णासाठीही. त्याला टाकाऊ म्हणून हा प्रश्न मिटवता येणार नाही.

आपल्या लोकांच्या मनात शरीराच्या वेगळ्या झालेल्या भागाविषयी एक हक्काची भावना असते. जिथे नाळ पुरली ते आपले गाव, असे आपण सहज बोलतो. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक तो पाय दफनासाठी मागून घेतात, हे मी मुस्लिम कुटुंबांत पाहिले आहे आणि दफनाची परंपरा असलेल्या आमच्या लिंगायत शेजाऱ्यांतही पाहिले आहे. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण हीच माणसे जयंतीच्या, पुण्यतिथीच्या शिबिरांत रांगा लावून रक्त देतात आणि घरात मृत्यू झाला असताना नेत्रदानासाठी फोन करतात. म्हणजे देण्याला त्यांचा विरोध नाही. दान म्हणायचे तर देणाऱ्याला ते माहीत असले पाहिजे, इतकीच त्यांची अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे.

इथे आपल्या शेजारच्याच एका कामाची आठवण करून द्यावीशी वाटते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या, मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. तपासणीच्या गटांतील बहुसंख्य स्त्रिया बोलावल्यावर आल्या आणि त्यांनी आपल्या पेशींचे नमुने दिले. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. जगभरच्या तपासणी धोरणात आज या आकड्यांचा आधार घेतला जातो, आणि तो आधार आपल्या भागातील शेतमजूर बायकांनी दिलेला आहे. त्याच अभ्यासातील एका गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे कठोर टीकाही झाली, आणि मला ती टीका योग्य वाटते. पण ग्रामीण स्त्री संशोधनाच्या नावाने पळ काढते, हे म्हणणे मात्र या अनुभवानंतर टिकत नाही.

विचारले नाही तर काय होते, याचे दाखले दूरचे आहेत, पण ठसठशीत आहेत. अमेरिकेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतील पेशी तिला न विचारता ठेवल्या गेल्या. त्यांवर लसी आणि औषधांचे प्रचंड संशोधन झाले, आणि घरच्यांना त्याचा पत्ता दोन दशकांनी लागला. अॅरिझोनातील हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. तेच नमुने पुढे मानसिक आजार आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर अशा विषयांसाठी वापरले गेले; यातील दुसरा विषय तर त्यांच्या उत्पत्तीविषयीच्या श्रद्धेलाच धक्का देणारा होता. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या एका बालरुग्णालयाने मृत मुलांचे अवयव पालकांना न सांगता ठेवल्याचे उघड झाले, तेव्हा काही आईबापांना आपल्या लेकरांचा अंत्यविधी पुन्हा करावा लागला. त्यातून तिथे २००४ चा मानवी ऊती कायदा आला.

आपल्याकडे १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या, पण तो उपचारांसाठीच्या प्रत्यारोपणाचा कायदा आहे. संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि ती वाचल्यावर मला आश्चर्य वाटले, कारण मला जे मागायचे आहे त्यातले बरेचसे तिथे लिहिलेलेच आहे. नमुन्याची मालकी रुग्णाची, संस्था केवळ विश्वस्त. संमती समजेल अशा भाषेत. ती मागे घेण्याची मुभा. तपासणीनंतर उरलेल्या, ओळख पुसलेल्या नमुन्यांसाठी नैतिकता समिती, म्हणजे संशोधनाला परवानगी देणारी संस्थेची समिती, संमतीची अट शिथिल करू शकते, अशीही तरतूद आहे. मी या सवलतीच्या विरोधात नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या ब्लॉकसाठी रुग्ण शोधत फिरणे कुणालाच शक्य नाही. परंतु आज दारात उभ्या असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हीच सवलत सवय होऊन बसू नये.

विचारावे कसे, याचा एक प्रसंग सांगते. आमच्या गल्लीतील एका विडी कामगार बाईंच्या गालाच्या आतल्या बाजूचा तुकडा काढायचा होता. त्यांना तेलुगू नीट कळते, मराठी कामापुरते. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने एका अभ्यासाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि ‘ऊती’ या शब्दापाशीच गाडी अडली. मी मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितले की, तुमच्या गालाचा तुकडा तपासून झाल्यावर जो उरेल तो ठेवून घेतील, पुढे इतरांच्या आजाराचा अभ्यास त्यावर करतील, नाही म्हणालात तरी तुमचे औषधपाणी थांबणार नाही. बाईंनी दोनच प्रश्न विचारले: त्यावर माझे नाव राहणार का, आणि त्यातून कुणी पैसे कमावणार का? ओळख आणि लाभातील वाटा, या दोन बाबींवर तज्ज्ञ मंडळी आजही वाद घालत आहेत. त्या डॉक्टर मुलीने पहिल्याचे उत्तर दिले, दुसऱ्याचे वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच येऊन सांगितले. बाईंनी सही केली. सगळ्याला मिळून वीस मिनिटेही लागली नसतील.

म्हणून शहरातील सर्व रुग्णालयांना, सरकारी असोत वा खासगी, माझी विनंती आहे की, संशोधनाची संमती भरतीच्या कागदांतून बाहेर काढून तिचे वेगळे, एका पानाचे पत्रक करावे आणि ते मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत ठेवावे. या एकाच अभ्यासासाठी की पुढच्या कोणत्याही अभ्यासासाठी, हे रुग्णाला निवडता यावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी ते पुढे करू नये. टाके काढायला किंवा रिपोर्ट न्यायला माणूस येतो, तेव्हा तो जरा सावरलेला असतो, तेव्हा विचारावे. आणि ज्यांच्या हातात आपला जीव आहे त्या डॉक्टरांनी विचारले तर कुणालाही नाही म्हणणे जड जाते, म्हणून हे काम समाजसेवा अधीक्षकांकडे द्यावे. नैतिकता समितीवर एक सदस्य सामान्य नागरिकांतून घ्यावा लागतो. ती जागा सोलापुरात एखाद्या विडी कामगार बाईला का मिळू नये?

अक्काने गेल्या महिन्यात स्वतःच्या अक्षरात त्या रुग्णालयाला अर्ज दिला आहे. उरलेला ब्लॉक संशोधनासाठी जरूर वापरावा, मात्र याआधी कोणत्या अभ्यासासाठी वापरला आणि पुढे कशासाठी वापराल ते कळवावे, असे तिने लिहिले आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तराची ती वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)