आयव्ही फुलली की येणारा काळा पतंग

पूल, डॉर्सेट, इंग्लंड
१४ ऑक्टोबर

प्रिय मोरेश्वर,

सप्रेम नमस्कार.

ऐनाच्या झाडांवर यंदा दुसऱ्या हंगामाच्या टसर रेशमाच्या अळ्या चांगल्या पोसल्यात हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस, की तिकडे आता स्वेटर चढवायचे दिवस, मग रात्री दिवा लावून बसतोस तरी कशासाठी? एका काळ्या पतंगासाठी, गड्या. त्याच्याबद्दल तुला सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं. आरमोरीत लहानपणापासून कोसा, म्हणजे टसरचे कोष, पाहिलेल्या माणसाला तो जितका कळेल, तितका इथल्या माझ्या शेजाऱ्यांनाही कळत नाही.

इथे त्याला ब्लॅक रस्टिक म्हणतात. शास्त्रीय नाव अपोरोफायला नायग्रा. एड्रियन हॉवर्थ यांनी १८०९ साली त्याचं वर्णन केलं. तुझ्या टसरच्या पतंगापुढे हा अगदीच लहान, पंख पसरून चार-साडेचार सेंटिमीटर भरेल. पुढचे पंख काळेभोर, आणि नुकताच कोषातून निघालेला असेल तर नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखी त्यांवर चमक असते. पंखाच्या मध्याच्या थोडं पुढे दुधी रंगाची एक बारीक खूण. ती दिसली की ओळख पटली. नराचे मागचे पंख पांढरे असतात, मादीचे करडे; पण बसल्यावर ते झाकलेले राहतात, म्हणून दिसतो तो फक्त काळा.

आता त्याचं वर्ष बघ. मादी शरदात अंडी घालते. थंडी पडायच्या आत अळी बाहेर येते आणि इंग्लंडचा सगळा हिवाळा ती अळी म्हणूनच काढते. दिवसा झाडाच्या बुडाशी दडायचं, आणि रात्र जरा उबदार निघाली की वर चढून खायचं. खायला मिळतं, कारण तिची झाडं हिवाळ्यात पूर्ण मरत नाहीत. माळावरचं हेदर हे ठेंगणं झुडूप बारमाही हिरवं. रस्त्याकडेला डॉक असतो, आपल्या आंबटचुक्याच्या कुळातला. प्लँटेन आहे, ते इसबगोलाचं भावंड. शिवाय क्लोव्हर, गवत, वसंतात काटेरी ब्लॅकबेरीची कोवळी पालवी. खाण्याच्या बाबतीत तिचे नखरे नाहीत, म्हणून तर हा पतंग माळावर, जंगलाच्या कडेला, समुद्राकाठच्या टेकड्यांवर आणि घराच्या बागेतही सापडतो. अळी मे महिन्याच्या सुमारास पूर्ण वाढते, मातीत शिरते आणि तिथेच कोष होतो.

इथे मला तुमचं घर आठवतं. काकू कोशांच्या माळा सावलीत टांगायच्या, आणि आतले जीव अख्खा उन्हाळा पावसाची वाट बघत निजलेले असायचे. विदर्भाचा मे-जून टाळायचं कारण सांगायला नको. पण इथला उन्हाळा म्हणजे वर्षातला सर्वांत सुखाचा काळ. फुलं रानोमाळ, पतंगांच्या जातीच्या जाती उडत असतात. आणि हा गडी नेमका तेव्हा जमिनीखाली! सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सप्टेंबरात वर येतो आणि ऑक्टोबर सरेपर्यंत उडतो, कधी नोव्हेंबरातही दिसतो. वर्षाला एकच पिढी. टसरच्या पतंगाला तोंडच धड नसतं, तो काही न खाताच मरतो. याला मात्र खावं लागतं, आणि इतक्या उशिरा त्याला वाढणारी वेल एकच, आयव्ही.

आयव्ही ही भिंतींवर, झाडांवर चढणारी वेल. बरीच वर्षं वाढून उंच, उजेडात पोचली की मगच तिला फुलं येतात. जमिनीवर सरपटणाऱ्या फांद्यांना येत नाहीत. हिरवट-पिवळे गोल गुच्छ, सप्टेंबर ते नोव्हेंबर. दिवसा त्यांवर गांधीलमाश्या आणि आयव्हीच्याच नावाची एक एकांडी मधमाशी. ही माशी ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडली ती २००१ साली, आमच्याच जिल्ह्यातल्या लँगटन मॅट्रॅव्हर्सला. अंधार पडला की पाळी बदलते. टॉर्च हळूच वर न्यायचा. पानांत बारीक डोळे चमकतात. तांबूस चेस्टनट, हिरवा-काळा देखणा मर्वेय द्यु जूर असे पतंग, आणि त्यांच्यात हा, सोंड फुलात खुपसून निवांत. काही जण झाडाच्या बुंध्याला काकवी, साखर आणि बिअर एकत्र उकळून फासतात, त्यावरही तो येतो. मला आयव्हीच पुरते.

पतंगांना ओढून घेणाऱ्या दिव्याच्या पेटीत मी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतो. पतंग त्यांच्या खळग्यांत शिरून बसतात. सकाळी मोजायचे, नोंद करायची आणि दाट झुडपात सोडून द्यायचे. अशा नोंदी इथे गावोगावची साधी माणसं वर्षानुवर्षं ठेवत आली, म्हणूनच आज काही ठामपणे सांगता येतं. १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली, दक्षिणेत तर ३९ टक्क्यांनी. आपला काळा गडी अजून बरा आहे, सहज भेटतो. पण तेवढ्यावर निश्चिंत राहावं असं मला वाटत नाही.

कारण त्याला लागणारं सगळंच लोकांच्या डोळ्यांत खुपणारं आहे. आयव्ही झाडाला मारते असा समज, म्हणून ती ऐन फुलायच्या आधी छाटतात. डॉक तण म्हणून उपटतात. हेदरचे सखल माळ तर १८०० पासून इंग्लंडभर ८० टक्क्यांहून जास्त गेले: कुठे नांगर फिरला, कुठे पाइन लावले, कुठे घरं झाली. उरलेले माळसुद्धा गुरं चरली नाहीत तर बर्चच्या झाडांनी भरून जातात. त्यात उन्हाळी वणवे. २०२० च्या मे महिन्यात वेअरहॅमच्या जंगलात लागलेल्या आगीत सुमारे २०० हेक्टर जळलं. सगळे हळहळले ते सरड्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी, ते योग्यच होतं. मला मात्र राहूनराहून तारीख दिसत होती. मे, म्हणजे सगळा हिवाळा सोसून अळी पूर्ण वाढलेली, मातीत शिरायच्या बेतात असलेली. दोन आठवडे उशिरा आग लागती तर कदाचित काही वाचल्या असत्या.

आमच्या मागच्या कुंपणावर जुनी आयव्ही आहे. कुंपण शेजारच्या आजोबांचं आणि माझं सामाईक. ते दर सप्टेंबरात कात्री घेऊन यायचे. यंदा त्यांना अंधारात बोलावून टॉर्चच्या उजेडात फुलांवरचे पतंग दाखवले. छाटणी आता फेब्रुवारीत, पक्षी घरटी बांधायच्या आधी करायची असं ठरलंय. एवढं झालं याचा मला फार आनंद आहे.

मार्चअखेरीस रात्री माळावर जाऊन हेदरवर अळ्या शोधायचा विचार आहे. सापडल्या तर फोटो पाठवीन. तू एक कर. यंदाचे कोसे माळेत कधी टांगलेस आणि पावसात पहिला पतंग कोणत्या तारखेला निघाला, ते वहीत लिहून ठेव. काकांच्या वेळच्या तारखा घरात कुठे लिहिलेल्या असतील तर त्याही शोध. दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या आहेत.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग. पत्र लवकर लिही.

तुझा,
सुधाकर