सफरचंदाचं गाणं रडवं करू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतल्या लेखात 'रिंगो नो उता' (सफरचंदाचं गाणं) या जपानी गाण्याला 'युद्धोत्तर जपानचं करुणगीत' म्हटलं आहे. पुण्यातल्या जपानी शिकणाऱ्यांच्या कार्यक्रमांतही ते अनेकदा तसंच, संथ आणि हळवं करून गायलं जातं. या गाण्यावर तो अन्याय आहे.

गाणं शोचिकू कंपनीच्या 'सोयोकाझे' या चित्रपटातलं. जपानच्या शरणागतीला दोन महिने व्हायच्या आत, ऑक्टोबर १९४५ मध्ये तो पडद्यावर आला. दिग्दर्शक सासाकी यासुशी, गीतकार सातो हाचिरो, संगीतकार मान्जोमे तादाशी. नायिका नामिकी मिचिको यांनी नाट्यगृहात दिवे सांभाळणाऱ्या, पुढे गायिका होणाऱ्या मुलीची भूमिका केली आणि गाण्याचा आवाजही त्यांचाच. 'कुंकू'त शांता आपटे स्वतः गायल्या, तसंच. त्याच वर्षी १० मार्चच्या टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात नामिकींची आई गेली होती. आवाजात हवा तो उजेड येईना म्हणून मान्जोमे त्यांच्याकडून गाणं पुन्हा पुन्हा गाऊन घेत, असं सांगतात. संगीतकाराला काय हवं होतं, ते यावरून कळावं.

चाल मायनरमधली, म्हणजे गंधार कोमल. घोटाळा इथेच होतो. कोमल गंधार लागला की आपला गायक लय उतरवतो, मींड घेतो आणि कीबोर्डवालाही त्याला साजेसा संथ ठेका लावून मोकळा होतो. मूळ चाल मात्र दोन-दोनच्या वजनाची, झपझप चालणाऱ्या पावलांची आहे. उदासी सुरांत आधीच आहे. ती लयीतही ओतली की गाणं बसकण मारतं. सूर सरळ लावावेत, मुरक्या टाळाव्यात, सुरुवातीचा वाद्यमेळ न कापता वाजवावा.

लय बिघडण्याचं आणखी एक कारण गायकाच्या हातातल्या कागदावर असतं. आपण देवनागरीत 'रिंगो' लिहितो आणि दोन अक्षरांत उरकतो. जपानीत त्याच्या तीन मात्रा होतात: रि, न्, गो. पहिल्या ओळीचा पूर्वार्ध अ-का-इ-रि-न्-गो-नि असा सात मात्रांचा, उत्तरार्धही सातच. 'न्' गिळला की सहाच उरतात. मग गायक 'गो' ताणतो आणि मागची साथ अडखळते. म्हणून शब्द लिहून घेताना प्रत्येक मात्रा सुटी लिहावी, 'न्'ला स्वतःचं घर द्यावं. आधी सुरांशिवाय, नुसत्या टाळीवर चारही कडवी म्हणून पाहावीत. टाळी सुटते ती जागा लगेच सापडते.

ध्वनिमुद्रण निवडतानाही गफलत होते. जानेवारी १९४६ मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने काढलेल्या तबकडीवर नामिकींसोबत किरिशिमा नोबोरू हे त्या काळचे नामवंत गायक आहेत. त्यामुळे पुरुषाचा आवाज ऐकून 'हे मूळ नव्हे' असं समजू नये. नामिकींनी हे गाणं पुढे एकट्यानेही मुद्रित केलं. त्यातला वाद्यमेळ निराळा आहे. साथीदारांना ऐकायला द्यायची ती जुनी तबकडीच.

वेळ कमी म्हणून बहुतेक जण पहिली दोन कडवी गाऊन थांबतात. नेमकं चौथं गळतं. दोघांनी मिळून गायलं तर मजा वाढेल, सगळ्यांनी गायलं तर आणखी वाढेल, असं सांगणारं हे कडवं करुणगीतात कसं बसेल? दोनच घ्यायची तर पहिलं आणि चौथं घ्यावं. चौथ्याच्या शेवटी श्रोत्यांनाही सामील करून घ्यावं. तिथे 'रिंगो' आणि 'कावाइया' (किती गोड) हे दोनच शब्द उलटसुलट येतात. जपानी न येणाऱ्यालाही ते एकदा ऐकून म्हणता येतात. मात्र तेव्हाही 'न्'ची मात्रा सोडू नये.

– एक वाचक, पुणे